भार आणि खपत

महिन्याकाठी घरी येणाऱ्या विजेच्या बिलात ‘भार’ आणि ‘खपत’ हे दोन शब्द आढळतात. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा व सौंसर या तहसिलींच्या मुलखात, असंख्य घरांची बोली मराठी आणि बिलाची भाषा हिंदी आहे. त्यामुळे खपत म्हणजे वापर, हे कोणाला समजावावे लागत नाही. परंतु भार आणि खपत यांत भेद कोणता, असे विचारल्यास पुष्कळांना उत्तर सुचत नाही. शालेय पदार्थविज्ञानातील हा लहानसा भेद ध्यानी आला, तर बिल का फुगते याचा उलगडा होतो. आणि ऐन वैशाखात संत्र्याच्या बागेवरील डीपी का जळते, याचाही.

भार ही शक्ती होय. एखादे उपकरण दर सेकंदाला किती ऊर्जा घेते, हे ती सांगते. सेकंदाला एक जूल ऊर्जा घेतली, तर ती शक्ती एक वॅट. खपत ही ऊर्जा होय. म्हणजे शक्ती गुणिले वेळ. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. नळाची धार आणि भरलेली टाकी यांत जो भेद, तोच येथे आहे. जोराची धार क्षणभरच सोडली तर घागरही भरत नाही. उलट बारीक धार रात्रभर चालली तर टाकी ओसंडून वाहते.

याचा पडताळा घरातच घेता येतो. पाणी तापविण्याची 1500 वॅटची सळई 40 मिनिटांत एक युनिट खाते. 75 वॅटचा पंखा दिवसाला 12 तास फिरला, तर महिन्याचे 27 युनिट होतात. जुन्या पद्धतीचा 60 वॅटचा दिवा 17 तासांपूर्वीच एक युनिट संपवीत असे. 9 वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेवर 111 तास जळतो. तेव्हा उपकरणावरील वॅटचा आकडा पाहून घाबरणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही व्यर्थ. त्या आकड्याला तासांनी गुणल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एक युनिट म्हणजे 36 लाख जूल. एवढ्या ऊर्जेत वीस लिटरच्या एका बादलीतील पाणी 20 अंशांवरून सुमारे 63 अंशांपर्यंत तापते. तेवढीच ऊर्जा पाणी उपसण्याकडे लावली, आणि तिच्यातील निम्मी पंपात व नळांत वाया गेली असे धरले, तरी सुमारे 18,000 लिटर पाणी दहा मीटर उंच चढते. उष्णता निर्माण करणे हे विजेचे सर्वांत खर्चिक काम आहे. म्हणून घरातील काटकसरीचा आरंभ दिव्यापासून नव्हे, सळई, गिझर आणि इस्त्री यांपासून व्हावयास हवा.

घराबाहेर, बागेत, प्रश्न निराळे रूप धारण करतो. पाच अश्वशक्तीचा पंप पाण्याला फार तर 3730 वॅट देतो. पण मोटारीतील तूट धरता तो पाच किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो. 63 केव्हीएची डीपी असे दहा पंप जेमतेम पेलते. उन्हाळ्यात आंबिया बहाराची फळे झाडावर असतात. पाण्याचा ताण पडला तर ती गळतात. त्यामुळे वीज येताक्षणी सगळ्यांनाच पंप सुरू करावयाचा असतो. अनेकांनी तर वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ‘ऑटो’ बसविलेला असतो. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युत्‌प्रवाह ओढते, आणि त्या एका क्षणी सर्व मोटारी एकदमच ओढतात.

मग काय घडते? तारेतून प्रवाह जितका अधिक, तितका तिच्यात दाब अधिक गळतो आणि शेवटच्या विहिरीवर व्होल्टेज पडते. दिव्याचे व्होल्टेज पडले तर तो केवळ मंद होतो. मोटारीची गोष्ट उलटी आहे. तिला पाणी उचलण्याचे काम तेवढेच करावयाचे असते. म्हणून दाब पाचव्या हिश्शाने घटला, तर ती प्रवाह सुमारे सव्वापट ओढते. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1841 साली दाखवून दिले, की तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सव्वाचा वर्ग दीडपटीहून अधिक. एवढ्या उष्णतेने वेटोळ्यांवरील आवरण करपते आणि मोटार जळते. डीपीही याच नियमाने जळते. दहा पंपांच्या डीपीवर पंधरा पंप चालले, तर तिच्या वेटोळ्यांत उष्णता दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते.

यातील मर्म असे, की मीटर मोजतो ती खपत, पण डीपी सोसते तो भार. पंधरा शेतकऱ्यांनी पाळी लावून पंप चालविले, तर प्रत्येकाच्या युनिटांत फरक पडत नाही. मात्र डीपी वाचते. ‘ऑटो’ काढून टाकणे, अथवा त्याला प्रत्येकाने वेगवेगळ्या मिनिटांचा विलंब लावून घेणे, हा पहिला उपाय. योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविल्यास तारेतील अनावश्यक प्रवाह कमी होतो. ठिबकने पाणी दिल्यास पंपाचे तासच घटतात, आणि येथे भाराबरोबर खपतही उतरते.

डीपी जळाली, की ती बदलून येईपर्यंत झाडे थांबत नाहीत. तहसील कचेरीत अर्ज घेऊन जाण्याआधी एका डीपीवरील सर्वांनी एकत्र बसून पंपांची अश्वशक्ती एका कागदावर मांडावी, बेरीज करावी आणि पाळ्या ठरवाव्यात. त्यासाठी सातवीच्या गणिताहून अधिक विद्या लागत नाही.