चौकोनी पाइप वाकवताना

फॅब्रिकेशनच्या व्यवसायात चौकोनी पाइपने अँगलची आणि गोल पाइपची बरीच जागा व्यापली, याचे श्रेय त्याच्या सपाट बाजूंना द्यावे लागते. दोन गोल पाइप काटकोनात जोडायचे तर एकाच्या तोंडाला दुसऱ्याच्या गोलाईची खाच घ्यावी लागते, चौकोनी पाइप मात्र सरळ कापला की दुसऱ्यावर नीट बसतो, त्यावर पत्रा टेकतो, बिजागरी बसते आणि वेल्डिंगची रेघ सरळ येते. फाटकाला कमान, जिन्याच्या कठड्याला वळण किंवा खुर्चीच्या पायाला बाक देण्याची वेळ आली, की हाच सपाटपणा अडचणीचा ठरतो आणि गोल पाइप सहज वळवणारे यंत्र चौकोनी पाइपचा चेंदामेंदा करून टाकते. पाइप वाकवणारे यंत्र, म्हणजे बेंडर, विकत घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती टनांचा?’ असा असतो. ताकद जॅकने किंवा लांब दांड्याने मिळवता येते. वाकत्या पाइपच्या चारही भिंती जागेवर राखणे हे यंत्राचे खरे अवघड काम असते.

कोणताही पाइप वाकतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधोमध एक थर असा राहतो की ज्याची लांबी जवळपास बदलत नाही. या थराला उदासीन अक्ष म्हणतात. बाहेरच्या भिंतीतील ताण आणि आतल्या भिंतीतील दाब हे दोन्ही वळणामुळे त्या त्या भिंतीला मधल्या अक्षाकडे ढकलतात, म्हणून पातळ गोल नळी वाकताना चपटी होते, आणि या चपटेपणाचे गणित ब्रेझियर यांनी १९२७ मध्ये मांडले. गोल नळीची भिंत मुळात कमानीसारखी असल्याने ती या रेट्याला बराच वेळ दाद देत नाही. चौकोनी पाइपची सपाट भिंत मात्र मधोमध लगेच खचते, कोपरे ताठ राहतात, उभ्या बाजू बाहेर फुगतात, आणि आतल्या बाजूचे दाबले गेलेले लोखंड सुरकुत्या धरते. भिंत जितकी रुंद आणि पातळ, तितका हा धोका मोठा. म्हणूनच २५ मिमीचा १६ गेजी पाइप, म्हणजे सुमारे १.६ मिमी जाडीचा, जे वळण निमूट घेतो, त्या वळणावर ५० मिमीचा त्याच गेजचा पाइप हमखास बसतो.

यंत्र ठरवण्याआधी त्रिज्या ठरवावी लागते, आणि ती पाइपच्या मध्यरेषेपर्यंत मोजावी लागते. बाहेरची भिंत किती ताणली जाईल याचा हिशेब सोपा आहे: पाइपच्या निम्म्या रुंदीला या त्रिज्येने भागायचे. २५ मिमी पाइप १०० मिमी त्रिज्येत वळवला तर बाहेरची बाजू १२.५ टक्के ताणते, ७५ मिमीत जवळपास १७ टक्के, आणि एक मीटर त्रिज्येच्या सावकाश कमानीत केवळ सव्वा टक्का. पहिल्या दोन वळणांत पाइपला सर्व बाजूंनी आधार देणारी डाय, म्हणजे खाचेचा साचा, अपरिहार्य असते, तर तिसऱ्यासाठी तीन रोलरचे साधे यंत्र पुरते. एकच यंत्र दोन्ही कामे करील, ही अपेक्षा ठेवणाऱ्याच्या पदरी सहसा निराशाच पडते.

ताकदीचा अंदाजही कागदावर काढता येतो. पोकळ पोलादी चौकोनी पाइपसाठी भारतीय मानक ४९२३ असून त्यातील ‘वायएसटी ३१०’ या प्रतीचे पोलाद दर चौरस मिलिमीटरला ३१० न्यूटन ताणाच्या आसपास कायमचे वाकू लागते. या प्रतीचा, २ मिमी जाडीचा, २५ मिमी पाइप वाकवायला सुमारे ४९० न्यूटन-मीटर पीळ लागतो. म्हणजे सव्वा मीटर दांड्याच्या टोकाला जेमतेम ४० किलोचा जोर, जो एक माणूस लावू शकतो. त्याच जाडीच्या ४० मिमी पाइपला मात्र १,३४० न्यूटन-मीटर, म्हणजे त्याच दांड्यावर सुमारे ११० किलो लागतात. घर्षण आणि वाकताना लोखंडाला येणारा कडकपणा हे त्यावर वेगळेच. त्यामुळे केवळ दांड्यावर चालणारा बेंडर २५ मिमीपर्यंत ठीक असतो. पुढे रॅचेट किंवा जॅक जोडावा लागतो, आणि यंत्र जमिनीत बोल्टने पक्के न केल्यास पाइपऐवजी यंत्रच फिरते.

बाजारात स्वस्त आणि सहज मिळतो तो प्लंबरचा हायड्रॉलिक बेंडर, ज्यात दोन टेकूंच्या मध्ये अर्धगोल खाचेचा ठोकळा जॅकने पाइपवर रेटला जातो. जाड भिंतीच्या गोल पाण्याच्या पाइपसाठी तो उत्तम आहे, पण चौकोनी पाइपसाठी ही सर्वांत चुकीची खरेदी म्हणावी लागेल, कारण सगळा जोर आतल्या सपाट भिंतीच्या एका पट्ट्यावर येतो आणि बाजूंना धरून ठेवणारे काहीच नसते. लहान त्रिज्येसाठी उपयोगी पडतो तो डायवर गुंडाळणारा बेंडर: पाइपचे एक टोक गोल डायला पकडलेले असते आणि दांड्याला जोडलेला रोलर किंवा सरकता ठोकळा पाइपला डायभोवती लपेटत नेतो. चौकोनी पाइपच्या डायमध्ये दोन गोष्टी तपासाव्यात. खाचेच्या बाजू पाइपच्या उभ्या भिंतींना इतक्या लगत हव्यात की त्यांना फुगायला जागाच मिळू नये, आणि खाचेच्या तळाशी मधोमध एक गोलसर उंचवटा हवा, जो आतली भिंत मुद्दाम, एकसारखी आत दाबतो. ती भिंत खचणार हे मान्य करून तिला नेमून दिलेल्या आकारात खचवण्याची ही युक्ती आहे, आणि अशा वळणाच्या आतल्या अंगाला दिसणारी पन्हळ हा दोष समजू नये. घट्ट खाचेत वळलेला पाइप अडकून बसतो, म्हणून चांगली डाय दोन फाकांत उघडणारी असते. लेथवर अशी डाय करून घेण्याचा खर्च प्रत्येक मापाला नव्याने येतो. तेच वळण शेकड्याने लागणार नसेल तर कटरने तीन बाजू कापून, पाइप दुमडून, वेल्डिंग करणे आजही शहाणपणाचे ठरते. पाइपमध्ये कोरडी वाळू ठोकून भरण्याचा जुना उपायही भिंतींना काहीसा आधार देतो, मात्र ओल्या वाळूचा पाइप दोन्ही तोंडे बंद करून तापवला, तर आतल्या वाफेने तो फुटू शकतो.

स्वतः बांधण्याजोगे यंत्र म्हणजे तीन रोलरचे. खालचे दोन रोलर ठरावीक अंतरावर असतात, वरचा मधोमध खाली सरकतो, आणि हँडल फिरवून पाइप मागेपुढे नेताना दर फेरीला वरचा रोलर थोडा थोडा दाबत कमान घडत जाते. खालच्या दोन्ही रोलरना चेन-स्प्रॉकेटने एकत्र फिरवले, तर पाइप घसरत नाही. वरच्या रोलरवर येणारा भार खालच्या रोलरमधील अंतरावर अवलंबून असतो: ३०० मिमी अंतरात वर सांगितलेल्या ४० मिमी पाइपसाठी तो सुमारे पावणेदोन टनांवर जातो, म्हणून दोन टनी जॅक काठावर पास होतो आणि पाच टनी निर्धास्त चालतो. दोन बेअरिंगमध्ये १०० मिमी अंतर असेल तर या भाराखाली २५ मिमीच्या साध्या शाफ्टला बाक येण्याचा संभव असतो. ३० मिमी शाफ्ट आणि त्याच मापाची पेडेस्टल बेअरिंग घेतली तर पैशांतला फरक किरकोळ आणि मनस्ताप कमी. रोलर सपाट न ठेवता त्यांना पाइपच्या रुंदीइतक्या अंतरावर कडा ठेवाव्यात, नाहीतर पाइप फुगतो, शिवाय पिळलाही जातो. हात आणि बाही या रोलरपासून दूर राहतील अशी हँडलची जागा ठेवणे हे बांधणीतच ठरवून टाकावे.

हौशी कारागिराला चकवा देते ती लवचीक परतफेड, म्हणजे जोर काढताच पाइप काही अंशी पुन्हा सरळ होणे. दहा फुटी, म्हणजे ३ मीटरच्या फाटकाला ३०० मिमी उंचीची कमान हवी असेल, तर तिची त्रिज्या लांबीच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागून त्यात निम्मी उंची मिळवल्यावर ३.९ मीटर येते. वरवर पाहता इतक्या सावकाश कमानीत परतफेड नगण्य असावी, पण घडते उलटेच: वायएसटी ३१० प्रतीचा ४० मिमी पाइप हिशेबाने २.९ मीटर त्रिज्येपर्यंत वाकवला, तेव्हाच सुटल्यावर ३.९ मीटरवर येऊन थांबतो. २५ मिमी पाइपच्या १०० मिमी त्रिज्येच्या काटकोनी वळणात हाच फरक दीड अंशाच्या आसपास असतो. म्हणून रोलरवर काम करताना पट्टीने उंची मोजत, पाइप सोडून पाहत, पुन्हा दाबत पुढे जावे लागते. दाब थोडा थोडा वाढवता येतो, पण जादा वळलेली कमान उलगडताना पाइपची धार जाते.

पाइपच्या एका बाजूला लांबीभर वेल्डिंगची शिवण असते. ती उभ्या बाजूवर, उदासीन अक्षाजवळ ठेवली तर तिच्यावर ताण कमी येतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप लहान त्रिज्येत वळवल्यास मुलामा तडकतो आणि वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर निघतो, त्यामुळे काळा पाइप वळवून मागाहून रंग देणेच बरे. रोलरवर दोन्ही टोकांकडचा सुमारे १५० मिमी भाग सरळच राहतो, म्हणजे वरील फाटकासाठी ३.०८ मीटरच्या कमानीला जवळपास ३.४ मीटर पाइप धरावा लागतो आणि वीस फुटी नगात अशी एकच कमान बसते. फाटकाची दोन झडपे असतील तर दोन कमानी वेगळ्या वळवण्याऐवजी एकच वळवून मधोमध कापावी, म्हणजे दोन्ही झडपांची रेघ जुळते.