उन्हाळी नव्हे, जंतुसंसर्ग

लघवी करताना मूल रडू लागले की ‘उन्हाळी लागली’ असे निदान आपल्या घरांतून तत्काळ होते, आणि धने-जिऱ्याचे किंवा सब्जाचे पाणी पाजून वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. उन्हात खेळून पाणी कमी प्यालेल्या मुलाची लघवी दाट होऊन जळजळते व भरपूर पाण्याने ती जळजळ थांबते, हे खरे. परंतु त्याच एका शब्दाखाली मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ही सर्वस्वी निराळी व्याधी झाकली जाते. तिचे कारण उष्णता नव्हे. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत ज्या जंतूचा शोध लावला, तो ई. कोलाय आतड्यात बहुधा निरुपद्रवीपणे नांदत असतो; तोच मूत्रद्वारातून वर चढून मूत्राशयात, प्रसंगी मूत्रपिंडातही ठाण मांडतो, आणि दहापैकी किमान आठ बालरुग्णांत या दुखण्याचे मूळ तोच असतो.

जळजळ नाही म्हणजे संसर्ग नाही, ही समजूत त्याहून घातक आहे. तान्हे मूल आपली व्यथा सांगू शकत नाही. ताप, ओकाऱ्या, दुधावरील वासना उडणे, वजन न वाढणे एवढाच काय तो दाखला मिळतो, आणि तो ताप दात येण्याच्या खाती जमा होतो. हा केवळ मुलींचा रोग, असेही मानतात. वस्तुतः आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांतच त्याचे प्रमाण अधिक असते.

दोष आईच्या स्वच्छतेवर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. बद्धकोष्ठामुळे भरलेले मलाशय मूत्राशयावर दाब देते व ते पूर्ण रिकामे होऊ देत नाही. शाळेतील घाणेरड्या शौचालयाच्या धास्तीने मुली दिवसभर पाणी पीत नाहीत व लघवी तुंबवून धरतात. कित्येक मुलांत लघवी मूत्राशयातून उलट मूत्रपिंडाकडे वाहण्याचा जन्मजात दोषही असतो. अशा मुलांत वारंवार संसर्ग झाल्यास मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात, आणि पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका संभवतो.

ताप उतरताच औषध थांबवू नये. डॉक्टरांनी ठरविलेली मुदत पुरी करावी. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लघवीच्या कल्चरचा अहवाल येण्यास साधारणतः एक ते दोन दिवस लागतात, आणि प्रतिजैविकाचा एक डोस पोटात गेला तरी त्यात जंतू सापडेनासा होऊ शकतो. म्हणून कारण न सापडलेल्या तापासाठी लहान मुलाला असे औषध सुरू होत असेल, तर ‘आधी लघवीचा नमुना घ्यायचा का?’ हे डॉक्टरांना पालकांनी निःसंकोच विचारावे.