चौरस नेमका कुठे आहे?

हिरवळीवर दोरीने चौकोन आखलेला आहे. कॅमेऱ्याजवळची बाजू आखूड, दूरची लांब. शेजारी उभ्या माणसाला ही आखणी वेडीवाकडी वाटेल. छायाचित्रात मात्र नेटका चौरस दिसतो, आणि तो जमिनीवर पडलेला नव्हे, तर हवेत उभा असल्यासारखा! नेदरलँड्सच्या यान डिबेट्स यांनी १९६७ ते १९६९ या काळात 'पर्स्पेक्टिव्ह करेक्शन्स' या मालिकेत हे प्रयोग केले.

यामागचं कारण साधं आहे. दूरची वस्तू लहान दिसते. ती त्याच प्रमाणात मोठी केली, की अंतर पुसलं जातं. प्रत्यक्षात आपले दोन डोळे किंचित वेगळी दृश्यं पाहतात. मान हलवली की जवळचं आणि दूरचं वेगळं होतं. कॅमेऱ्याला या दोन्ही सोयी नाहीत. तो एकाक्ष आणि जागचा न हलणारा.

अमेरिकेच्या जॉन फाल (१९३९-२०२०) यांनी १९७४ पासून 'ऑल्टर्ड लँडस्केप्स' या मालिकेत याच उणिवेचं सोनं केलं. दोरी, लेस, चकचकीत फॉइल, संत्री अशा वस्तू निसर्गात मांडून त्यांनी रंगीत छायाचित्रं घेतली. बर्म्युडात तर त्यांनी त्रिकोणच आखला! १९७७ साली युटातल्या कॅपिटॉल रीफ इथे त्यांनी पत्र्याची बेकिंगची थाळी आणि चंद्र एकाच चौकटीत आणले. हा चिमटा होता अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या १९४१ मधल्या न्यू मेक्सिकोतल्या विख्यात चंद्रोदयाला.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. फाल यांनी दृश्यात ढवळाढवळ केली, म्हणून त्यांचं छायाचित्र खोटं आणि अ‍ॅडम्स यांचं खरं, असं म्हणावं का? अ‍ॅडम्स यांनीही डार्करूममध्ये त्या आकाशाला काळोख चढवला होता, आणि पुढच्या प्रतींत तो वाढतच गेला. फरक इतकाच, की फाल यांची थाळी सर्वांना दिसते. आपली लबाडी उघड मांडणारं छायाचित्र मला अधिक प्रामाणिक वाटतं.

कोणतीही गोल वस्तू तिच्या व्यासाच्या सुमारे ११० पट अंतरावर चंद्राएवढी दिसते. त्रिपुरी पौर्णिमेला अडीच सेंटीमीटरचं नाणं पावणेतीन मीटरवर टांगा, एक डोळा मिटा आणि चंद्र झाका. मग एक पाऊल बाजूला सरका.