बाकड्यावरची बँक

पासबुक भरून आणायला आपण जातो ती ‘बँक’ मुळात साधे बाकडे होती. मध्ययुगीन इटलीत सराफ भर बाजारात लाकडी बाक मांडून नाणी बदलून देत. त्या बाकाचे नाव ‘बांका’. तोच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. दिवाळखोराचा ‘बँकरप्ट’ तर ‘मोडलेले बाक’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांवरून घडला. किती बोलके चित्र!

नदीचा काठही बँकच, पण तो उंचवट्याच्या अर्थाने स्कँडिनेव्हियाकडून, निराळ्या वाटेने आला.

‘ब्लड बँक’ मात्र अलीकडची. १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी हे नाव रूढ केले. मराठीने त्यासाठी सावकाराची जुनी पेढी हाताशी धरली आणि ‘रक्तपेढी’ हा शब्द घडवला.