संस्थेचे लेखन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वयंसेवी संस्थेने आपल्या कामाविषयी नियमितपणे लिहिणे म्हणजे देणग्यांसाठी केलेली जाहिरात, हा समज देणगीदारांत जितका रुजला आहे तितकाच कार्यकर्त्यांतही आढळतो. वस्तुतः काही प्रश्नांच्या बाबतीत लेखन हा कामाचाच भाग असतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेल्या ‘सर्च’ने 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत राबवली, तेव्हा नवजात मृत्युदर, म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर 1000 बाळांमागे पहिल्या 28 दिवसांत दगावणाऱ्यांची संख्या, 62 वरून 25.5 पर्यंत उतरली. हे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, ते तज्ज्ञांसाठी, परंतु 2001 मध्ये 13 संस्थांच्या पाहणीवर आधारलेला ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मराठीत निघाला आणि सरकारी नोंदींतून निसटलेले बालमृत्यू सर्वांसमोर आले. पुढे राज्य शासनाला समिती नेमावी लागली, आणि 2011 मध्ये ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली गेली.

लाभार्थ्यांचा आकडा मोठा असला की लेखन प्रभावी ठरते, हाही एक भ्रमच होय. ‘सर्च’च्या आकड्याला वजन आले ते शेजारच्या 47 गावांमुळे, कारण ही पद्धत न राबवलेल्या त्या गावांत मृत्युदर 60 च्या आसपासच राहिला होता. अशी तुलना नसलेला लाखांचा आकडा (वार्षिक अहवालांत तो हमखास असतो) फारसे काही सिद्ध करत नाही.

सर्वांत घातक गैरसमज मात्र असा की, नाव बदलले की पीडित बालकाची ओळख झाकली जाते. गावाचे नाव, मुलीची इयत्ता आणि आईचा व्यवसाय एवढे तपशील एकत्र आले, तर त्या पंचक्रोशीत नावाची गरजच उरत नाही. म्हणूनच बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याचे, म्हणजे ‘पॉक्सो’चे, कलम 23 नावाबरोबरच पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा आणि परिसर यांच्या प्रसिद्धीलाही मनाई करते. पालकांचे संमतीपत्र घेतल्याने ही मनाई उठत नाही. बालकाच्या हितासाठी, कारणे नोंदवून तशी परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने विशेष न्यायालयाकडे ठेवला आहे.