घाणेरीला ‘मार्चअखेर’ कळत नाही

यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. त्याचं नाव झालं ते वाघांमुळे. इथला एक वाघ २०१९ मध्ये थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. पण वाघाला चितळ लागतं आणि चितळाला गवत. विदर्भातल्या सागवनांत त्या गवताच्या मुळावर उठली आहे घाणेरी, म्हणजेच टणटणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणलेलं हे झुडूप आज देशातल्या वाघांच्या सुमारे ४० टक्के अधिवासात पसरलं आहे.

घाणेरी वरून छाटली तर बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. म्हणून दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी वेगळी पद्धत रूढ केली. मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळं पुन्हा माती धरत नाहीत. खरी कसोटी त्यानंतरची. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी पावसात उगवतं. निदान पुढची दोन वर्षं रोपं हाताने उपटावी लागतात, मारवेल-पवन्यासारखं गवत धरावं लागतं. जमीन उघडी राहिली की घाणेरी परत आलीच.

यासाठी पैसा आहे का? आहे, आणि तो जंगल गमावूनच आलेला आहे. कोळसा खाणीला किंवा महामार्गाला वनजमीन दिली की तिचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरून घेतात. ते ‘कॅम्पा’ म्हणजे भरपाई वनीकरणाच्या निधीत जमा होतं. २०१६ च्या कायद्याने त्यातला ९० टक्के वाटा राज्यांचा; ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्राला ३,८४४ कोटी रुपये मिळाले. २०१८ च्या नियमांनुसार या मूल्यातली किमान ८० टक्के रक्कम वन व वन्यजीव व्यवस्थापनावर खर्चायची असते. कीड-रोग नियंत्रण, वणवा प्रतिबंध, मृद्-जलसंधारण, अधिवास सुधारणा हे सारं त्या यादीत आहे. घाणेरी काढणं यातल्या अधिवास सुधारणेत बसतं.

अडचण वेळापत्रकाची आहे. मंजुरी मिळते ती वार्षिक कार्ययोजनेला, म्हणजे मार्चअखेर संपणाऱ्या एकाच आर्थिक वर्षापुरती. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, तयार नसतील तर मार्चमध्ये हाती पडलेल्या निधीचा त्या वर्षी काय उपयोग? घाणेरीचं तर काम तीन पावसाळ्यांचं. शिवाय वृक्षारोपणात लावलेली रोपं मोजता येतात, त्यांच्यासोबत फोटोही निघतो. उपटलेल्या घाणेरीला कोण हार घालणार? म्हणून पहिल्या तोडणीबरोबर पुढच्या दोन पावसाळ्यांची उपटणीही एकाच मंजुरीत बांधून घ्यायला हवी. मजुरी लगतच्या गावांतल्या कोलाम-गोंड कुटुंबांना मिळावी, आणि मोजणी तोडलेल्या हेक्टरांची न करता तिसऱ्या वर्षी तिथे उभ्या असलेल्या गवताची करावी.