खुल्या आराखड्याचा ट्रॅकबॉल : मनगटाला आराम, दुरुस्ती आपल्या हाती

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि आम्हा कापड व्यापाऱ्यांची रोजकीर्द-खातावणी पुरती संगणकावर गेली. अमरावतीहून अकोल्याच्या दुकानदारांना ठोक माल देणारे आम्ही, दिवसाचे पाच-सहा तास माऊस सरकवू लागलो. काउंटरवर थानांची रास, माऊस फिरवायला वीतभर जागा नाही. दोन वर्षांत उजव्या मनगटात कळ येऊ लागली. हिशेब परक्या हाती सोपवावा, तर उधारीची सगळी नाडीही त्याच्याच हाती जाते. म्हणून आम्ही ट्रॅकबॉलकडे वळलो. तो अनुभव व्यापारी व कारागीर बांधवांच्या कामी यावा, यासाठी हा लेख.

ट्रॅकबॉल म्हणजे काय?

ट्रॅकबॉल म्हणजे उताणा ठेवलेला माऊस समजा. डबी जागेवरच राहते. वरचा गोळा बोटांनी फिरवला की पडद्यावरचा बाण सरकतो. ही वस्तू नवी नाही. ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ साली असा गोळा बनवला. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या ‘डेटार’ प्रकल्पात तर बोलिंगच्या खेळातला चेंडूच बसवला होता.

आमचा पहिला ट्रॅकबॉल तयार, बाजारातला होता. मनगटाला आराम पडला. पण दीड वर्षात त्याचे बटण एकदा दाबले की दोनदा लागू लागले. अकोल्याच्या एका गिऱ्हाइकाच्या बिलात तोच माल दोनदा चढला. त्यांनी शांतपणे फोन करून सांगितले, पण आम्ही शरमेने गप्प झालो. व्यापारात साख गेली तर उरते काय? दुरुस्तीला नेला तर उत्तर मिळाले, ‘नवा घ्या.’ अकोल्यात इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे काम करणारा आमचा पुतण्या म्हणाला, “चाचा, आतलं बटण थोड्या पैशात मिळते. पण ही डबी चिकटवलेली आहे, उघडली की तुटेल.”

खुला आराखडा म्हणजे फुकट माल नव्हे

त्यानेच कॅनडातील ‘प्लूपी’ या लहान उद्योगाच्या ट्रॅकबॉलची माहिती दिली. त्याच्या डबीचे नकाशे, आतल्या सर्किटचा आराखडा आणि तो चालवणारा ‘क्यूएमके’ हा प्रोग्राम, सारे सर्वांसाठी खुले आहे. यालाच ओपन सोर्स म्हणतात. शिवलेल्या सदऱ्याबरोबर दर्ज्याने कापायचा फर्माही द्यावा, तसा हा व्यवहार. सदरा फाटला तर कोणताही दर्जी तो दुरुस्त करील.

मात्र खुल्या मालालाही शर्ती असतात. ‘क्यूएमके’ जीपीएल परवान्याखाली आहे. त्यात बदल करून जो पुढे विकेल, त्याने आपला बदलही खरेदीदाराला खुला द्यावा लागतो. केलेला करार पाळणे हे आमच्या दीनचेच अंग आहे. ‘फुकट मिळाले’ म्हणून ही शर्त मोडू नये.

निवड करताना

१. अंगठ्याने फिरवायचा गोळा सारा भार अंगठ्यावर टाकतो. बोटांनी फिरवायचा मोठा गोळा तो भार वाटून घेतो. आम्ही दुसरा घेतला.
२. प्लूपीचा ‘क्लासिक’ उजव्या हातासाठी आहे. ‘अडेप्ट’ दोन्ही हातांना चालतो. डावखुऱ्यांनी हे पाहून घ्यावे.
३. माल सुट्या भागांतही मिळतो आणि जोडूनही. परदेशातून मागवल्यास वाहतूक व आयात शुल्क आधी हिशेबात धरावे. साध्या माऊसच्या कित्येक पट खर्च येतो.
४. दिवसाकाठी दहाच बिले करणाऱ्याने साधा माऊसच ठेवावा.

वापरात आल्यावर

पहिला आठवडा हात चुकतो. बिलांच्या गर्दीच्या दिवसांत सुरुवात करू नये. एक बटण असे ठरवून घेता येते की ते दाबल्यावर गोळा फिरवताच पान वर-खाली सरकते. लांब खाते तपासताना याचा फार उपयोग होतो. गोळा बेअरिंगवर फिरतो, त्यामुळे थोडी खरखर ऐकू येते.

आपल्याकडे मोठा शत्रू म्हणजे कापसाचे तंतू. बेअरिंगवर ते गुंडाळले की गोळा अडतो. आम्ही दर गुरुवारी सायंकाळी गोळा काढून सुक्या फडक्याने पुसतो. जिनिंगजवळ बसणाऱ्यांनी रोज पुसावा. आणि एक गोष्ट : ट्रॅकबॉल हे औषध नव्हे. बोटांना मुंग्या येणे थांबत नसेल तर डॉक्टरांनाच दाखवावे.

कारागिरांसाठी

पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेतील एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या अशा कार्यशाळांपैकी ती एक. खेड्यातल्या मुलांनी आधुनिक यंत्रांवर आपल्या गरजेची वस्तू स्वतः घडवावी, हा तिचा हेतू. थ्री-डी प्रिंटर हाताळणाऱ्या आपल्या तरुणांनी खुल्या नकाशावरून डबी छापणे, बटण बदलून देणे ही कामे शिकली, तर हलाल रोजीचे एक दार उघडेल.

यंदा आमच्याही ट्रॅकबॉलचे एक बटण झिजले. पुतण्याने चार स्क्रू काढून नवे बसवले. दुपारी बिले पुन्हा सुरू. म्हणून बांधवांनो, वस्तूचा दर विचारता तसे ‘ही उघडते का? हिचा भाग मिळतो का?’ हेही विचारत जा.